बाकडं भिजवणारी मासी

बागेतलं कोपऱ्यातलं बाकडं ती रोज संध्याकाळी पाच वाजता भिजवायची. बादली भरून नळापासून दोन्ही हातांनी उचलत आणायची, बाकड्यावर ओतायची आणि वर हातानं पाणी सगळीकडे पसरवायची, शेणानं अंगण सारवल्यासारखं. झाडांना पाणी घालायचं राहिलं तरी चालेल, पण बाकडं कोरडं राहता कामा नये. एरवी दिवसभर मात्र ते कोरडंच असायचं. पाच वाजले की आम्ही क्लासमधून सुटून येणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

सुरतेच्या गोडादऱ्यातली ती म्युनिसिपालिटीची लहानशी बाग. मधे एक गोल कारंजं, जे आम्ही कधी उडताना पाहिलं नाही. दोन घसरगुंड्या, एक मोडकी सी-सॉ, कडेनं आसोपालवाच्या झाडांची रांग आणि सात-आठ बाकडी. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये एकेका खोलीत सहा-सहा माणसं. घरात कुठं बसणार? आई साड्यांना टिकल्या लावायला बसलेली, खाली सगळा साडीचा पसारा. भाऊ रात्रपाळी करून झोपलेला. त्यामुळे अकरावी-बारावीतली आम्ही दहा-बारा पोरं-पोरी क्लास सुटल्यावर बागेत यायचो. अभ्यासाचं नाव, बाकी सगळा टाइमपास. एकमेकांचे फोन बघणं, चिडवाचिडवी, कुणाचं तरी भांडण, कुणाचं तरी जमणं.

आणि या सगळ्यावर देखरेख करायला ही वॉचमन. पन्नाशीची, काटक, नवऱ्याचे असावेत असे काळे बूट, साडीवर खाकी शर्ट. ठेकेदाराकडून मिळालेली शिट्टी कमरेच्या पिशवीत, पण ती वाजवलेली आम्ही कधी ऐकली नाही. विचारलं तर म्हणायची, "माझ्या तोंडात आवाज आहे की." सुरतेत मावशीला मासी म्हणतात, म्हणून आम्ही सगळे तिला मासी म्हणायचो. तिचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं. तिलाही आमची नावं माहीत नव्हती, आणि तिची ती इच्छाच होती.

पहिल्याच दिवशी माझ्या मैत्रिणीनं, दीपालीनं, तिला नाव सांगायला तोंड उघडलं तर ती हात वर करून म्हणाली, "नाव सांगानं नही." नाव सांगायचं नाही. मग तिनं आमची नावं स्वतःच ठेवली. ती आधी घरी साड्यांचे धागे कापायचं काम करत होती, त्यामुळे तिची सगळी नावं साड्यांची. दीपाली म्हणजे लहेरिया. आमच्यातला सगळ्यांत देखणा, बाइकवाला योगेश म्हणजे जरी. एक जाडा मुलगा होता, तो डबल पल्लू. आणि मी कटपीस.

कटपीस म्हणजे कापडाच्या ठाणातून उरलेला तुकडा. मला त्याचा फार राग यायचा. एकदा मी विचारलं, मीच का कटपीस? तर म्हणाली, "कटपीसचं काहीही शिवता येतं." हे चांगलं म्हटलं की वाईट, मला त्या दिवशीही समजलं नाही. समोरच्या माणसाला गोंधळात टाकून आपण बादली उचलून निघून जायचं, ही तिची पद्धतच होती.

एखादी पोर सहा वाजता जरा रेंगाळली तर ओरडायची, "घरी जा, आई वाट बघते." आणि तीच पोर दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच उठली तर वाट अडवायची. "एवढ्यात कुठं? घरी काय ठेवलंय?" रोज आम्हाला मोजायची. मोठ्यानं. "आज अकरा." एक कमी असला तर दहा वेळा विचारायची, कुठं गेला, आजारी आहे का, कालपर्यंत तर हसत होता. पण तोच आल्यावर त्याच्याकडे बघायचीही नाही.

बाकडं का भिजवते हे तिला प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. मला म्हणाली, ऊन फार लागतं त्याला. योगेशला म्हणाली, कबुतरं घाण करतात. दीपालीला म्हणाली, "बाकड्याला पण तहान लागते बेटा." ते बाकडं सगळ्यांत आडोशाला होतं, झुडपांच्या मागे. जोडीनं बसायला तेच एक ठिकाण. त्यामुळे आमचं एकमत झालं होतं की म्हातारी जळते. पन्नाशीची बाई आम्हाला तेव्हा म्हातारीच वाटायची.

मला कारण योगायोगानं कळलं. एका संध्याकाळी मी पर्वत पाटियावरून वडिलांबरोबर रिक्षानं येत होते. शेअर रिक्षा, सहाच्या सुमाराची, आत सगळे मार्केटमधून आणि कारखान्यांतून सुटलेले लोक. आमच्याच गल्लीतले, आमच्याच गावाकडचे. रिक्षा बागेच्या मागच्या रस्त्यानं वळली आणि मी सहज बाहेर पाहिलं. कुंपणाची जाळी, जाळीत मोठं भगदाड, आणि भगदाडातून समोर ते कोपऱ्यातलं बाकडं. बागेच्या आतून जे सगळ्यांत लपलेलं वाटायचं ते मागच्या रस्त्यावरून दुकानाच्या काचेत ठेवल्यासारखं दिसत होतं. ओलं, रिकामं. रोज सहा वाजता आमचे सगळ्यांचे बाप, काका, भाऊ त्या रस्त्यानं जायचे.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मला वाटतं, ती चांगली ठरली असती तर ते मला अडचणीचं झालं असतं. कारण तोवर माझं आणि तिचं बिनसलं होतं.

ते असं. आमचं घर शिंदखेड्याकडचं. घरी अहिराणीच. पण बागेत आम्ही सगळे गुजराती नाहीतर हिंदी बोलायचो, आणि मी तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही मूळचे नाशिकचे. नाशिक जरा बरं वाटायचं. मासी मात्र खणखणीत अहिराणीत बोलायची, बागेच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल अशी. (मी इथं तिचं बरंचसं बोलणं सरळ मराठीत सांगते आहे.) एके दिवशी सगळ्यांसमोर तिनं मला विचारलं, "तुनी माय कशी शे वं?" माझी आई त्या आठवड्यात तापानं पडली होती. हे तिला कुठून कळलं होतं कोण जाणे. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "क्या बोला आपने? समझ में नहीं आया."

सगळे हसले. मासीनं एकदा डोळे बारीक केले. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त गुजरातीत बोलायला लागली. मोडक्यातोडक्या, पण फार अदबीच्या. "आवो बेन. बेसो बेन." बाकी कुणालाही ती बेन म्हणत नव्हती. सगळ्यांसमोर तर ठीक, पण गेटवर आम्ही दोघीच असलो तरी, "केम छो बेन." ती माझी लाज राखत होती की माझी लाज काढत होती? मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचा विचार करायचे आणि दर वेळी वेगळं ठरवायचे.

आता दीपालीचं.

दीपाली आणि योगेशचं जमलं होतं हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी जमलं आणि संक्रांतीपर्यंत छान चाललं. मग दीपाली जरा गप्प झाली. बागेत यायची, पण आमच्या मधोमध बसायची, योगेशच्या बाजूला नाही. मी विचारलं तर म्हणाली, बारावीचं टेन्शन. मी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर मी नीट विचारलंच नाही. योगेश मला आवडायचा. मी त्याच्या जर्नलच्या आकृत्या काढून द्यायचे. त्याचं आणि दीपालीचं फिसकटत असेल तर मला त्याचं वाईट वाटलं नसतं, आणि असं आपल्याला वाटतंय हे मला माझ्यापासूनही लपवायचं होतं.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. साडेपाच वाजले असतील. बागेच्या गेटवर दीपालीच्या भावाची बाइक थांबली. तो सुताच्या गोडाऊनवर कामाला होता, अंगानं आडवा, कमी बोलणारा. त्याला तिथं बघून आमच्यातली निम्मी पोरं झाडांमागे झाली. पण तो आत आला नाही. मासीच बाहेर गेली. तिनं त्याला नळाजवळच्या कट्ट्यावर बसवलं, स्वतः समोर उभी राहिली आणि बोलायला लागली. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलत होती. एवढंच दिसलं की तिनं हात करून आधी दीपालीकडे बोट दाखवलं, मग योगेशकडे. भाऊ उठला. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला परत बसवलं. पुन्हा बोलली. मग तिनं त्याचा उजवा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला, तो काहीतरी पुटपुटला आणि तिनं हात सोडला.

तो आत आला. दीपालीची बॅग त्यानं उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि चालायला लागला. दीपाली मान खाली घालून मागे. आमच्यापैकी कुणाकडे तिनं पाहिलं नाही. मासीकडेही नाही. बाइक निघून गेली.

योगेशचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "बघितलंत? चुगली केली म्हातारीनं. मी दीपालीशी लग्न करणार होतो."

त्यानंतर दीपाली बागेत आली नाही. क्लासला नाही. फोन बंद. त्यांच्या गल्लीतून बातमी आली की तिला उधन्याला मावशीकडे ठेवलंय. कुणी म्हणालं, परीक्षेला पण बसू देणार नाहीत. कुणी म्हणालं, गावाकडे स्थळ बघताहेत. प्रत्येक बातमीबरोबर आमचा राग वाढत होता. जी आम्हाला नावं विचारत नव्हती, जी आमची मोजणी करायची, एक कमी झाला तर दहा वेळा विचारायची, तिनंच एक कमी केला. आणि आता विचारतही नव्हती. "आज दहा," म्हणायची आणि पुढे जायची.

एके दिवशी मी क्लास अर्ध्यावर सोडून जरा लवकर बागेत गेले. मासी नळावर बादली भरत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. हिंदीत बोलायचं असं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं ते घरचं. "मासी, तू काबर सांगं वं? तिले काबर फसाडं?" का सांगितलंस, का अडकवलंस तिला? माझा आवाज रडका झाला होता.

तिनं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. एवढ्या महिन्यांत मी तिच्याशी तिच्या भाषेत, आमच्या भाषेत, पहिल्यांदा बोलले होते. मला वाटलं, आता ती काहीतरी खरं सांगेल. ती म्हणाली, "मने खबर नथी, बेन."

मला माहीत नाही, ताई. गुजरातीत.

मग बादली उचलून ती बाकड्याकडे गेली.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. कल्पना योगेशची, पण शब्द आणि अक्षर माझं. मराठी शाळेत शिकूनही माझं गुजराती अक्षर फार सुंदर होतं, बाई फळ्यावर सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायच्या. मी लिहिलं की सदर वॉचमन बाई ड्यूटीवर झोपतात. मुलींशी अर्वाच्य भाषेत बोलतात. झाडांना पाणी न घालता पाण्याची नासाडी करतात. आणि नागरिकांना बसता येऊ नये म्हणून बाकडी मुद्दाम ओली करून ठेवतात.

शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. ते बाकडं ती का भिजवते हे आमच्यात मला एकटीलाच माहीत होतं. पण अर्जात ते वाक्य फार ठसठशीत वाटत होतं. मी ते ठेवलं. खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या, आणि सकाळी चालायला येणाऱ्या तीन काकांच्या. त्यांना बाकड्याचा मुद्दा फार पटला.

दोन आठवड्यांत ठेकेदारानं तिला काढलं. शेवटच्या दिवशी ती किल्ल्या द्यायला आली तेव्हा आम्ही तिथंच होतो. मला वाटलं, काहीतरी बोलेल, शिव्या देईल. मी तयारीत होते. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मागचा नळ गळतो. नवीन माणसाला सांगा." आणि गेली. आम्ही नवीन माणसाला सांगितलं नाही.

नवीन माणूस पोरसवदा होता, कडक इस्त्रीचा. त्याची शिट्टी दिवसभर वाजायची. मुलगा-मुलगी चार हात अंतर ठेवून बसले तरी तो येऊन आयडी मागायचा, घरचा नंबर विचारायचा. एकदा त्यानं आमच्यातल्या दोघांचा फोनवर व्हिडिओ काढला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. त्या मुलीला तिच्या वडिलांनी रस्त्यात मारलं. मे महिना येईस्तोवर बागेत आमच्यातलं कुणी उरलं नव्हतं. योगेश तर त्याआधीच यायचा बंद झाला होता. त्याच्या वडिलांनी त्याला अंकलेश्वरला काकांकडे पाठवल्याचं कळलं. का, ते कळलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तेव्हा आमच्या आयुष्यात खूप काही घडत होतं आणि त्यातल्या कशाचाही आम्ही एकमेकांशी संबंध जोडत नव्हतो.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. मी आता पर्वत पाटियाला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. मागच्या वर्षी वडिलांच्या पायाचं ऑपरेशन होतं, म्हणून मी हॉस्पिटलमध्ये होते. रात्री ड्रेसिंगची वेळ झाली म्हणून नर्स आली, आणि ती दीपाली होती.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग तिनं आधी वडिलांचं ड्रेसिंग केलं, अगदी नीट, न गडबडता, आणि म्हणाली, "काका, तुमच्या मुलीला दहा मिनिटं घेऊन जाते."

जिन्यात बसून आम्ही चहा प्यालो. तिचं लग्न झालं होतं, एक मुलगा होता. बारावीची परीक्षा तिनं मावशीकडे राहून दिली होती, मग नर्सिंग केलं. मी म्हटलं, "त्या मासीमुळे तुझं किती वाईट झालं असतं गं. बरं झालं, निभावलं."

दीपालीनं कप खाली ठेवला. "माझं वाईट? तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"भावाला सांगायला मीच लावलं होतं तिला."

मला काही उलगडेना. ती हळूहळू सांगत गेली. योगेशनं दोघांचे फोटो काढून ठेवले होते, शेजारी बसलेले, हातात हात घेतलेले, असेच. तिला ते सगळं थांबवायचं होतं तेव्हा तो म्हणाला, माझ्याबरोबर डुमसच्या समुद्रावर एकटी चल, नाहीतर फोटो तुझ्या भावाला पाठवतो. महिनाभर हे चाललं होतं. तिची झोप उडाली होती. घरी सांगायची हिंमत नाही. एक दिवस ती नळाजवळ उभी राहून रडत होती आणि मासीनं विचारलं.

"मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, भावाला आधीच कळलं तर त्या पोराकडे दाखवायला काय उरतं? मी म्हटलं, भाऊ मारेल. ती म्हणाली, ते माझ्याकडे लागलं. तिनंच त्याला निरोप धाडून बोलावलं. त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली, बहिणीवर हात टाकायचा नाही, शिक्षण बंद करायचं नाही. त्यानं ती पाळली. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी, पण पाळली. योगेशच्या वडिलांकडे जाऊन फोन त्यानंच फोडला."

"मग तू आम्हाला का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगणार?" दीपाली म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तू त्याची जर्नलं काढून देत होतीस."

जिन्यातून लोक वर-खाली करत होते. मी भिंतीकडे सरकून त्यांना वाट देत राहिले. अर्ज मी लिहिला होता हे तिला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. तिनंच उठताना सांगितलं, "ती कामरेजला असते आता, मुलीकडे. हायवेला जावयाची नर्सरी आहे. मी जाते दिवाळीला. तू जा एकदा."

मी एका रविवारी गेले.

नर्सरी म्हणजे हायवेच्या कडेला हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या आणि काळ्या पिशव्यांच्या रांगा. मासी एका उलट्या कॅरेटवर बसून पिशव्यांमध्ये माती भरत होती. जाड चष्मा आला होता. मी समोर जाऊन उभी राहिले, अर्धं-मुर्धं रडत, आणि आपण कोण ते सांगितलं. तिनं ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. माती भरणं थांबलं नाही.

मी म्हटलं, "मासी, दीपालीनं मला सगळं सांगितलं. तू तिच्यासाठी काय केलंस ते."

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

"तिच्या भावाला तू बोलावलंस."

"मी कशाला बोलावू? तो आपल्या आपण आला असेल."

मी एकदाचं बोलून टाकलं. "तुझ्याविरुद्धचा अर्ज मी लिहिला होता."

"माहीत शे," ती लगेच म्हणाली. "ठेकेदारानं वाचून दाखवला होता. अक्षर काय सुंदर, म्हणाला. चार गोष्टी होत्या त्यात. झोपायची ते खरं होतं. दुपारी मी झोपायचीच."

"मग बाकीच्या तीन गोष्टींबद्दल तू काही बोलली का नाहीस? बाकडं का भिजवतेस, ते तरी सांगायचंस."

"एक सांगितलं की दुसरं विचारतात. भावाला का बोलावलं, ते विचारलं असतं. मग त्या पोरीचं सगळं उघड्यावर आलं असतं." एवढं बोलून ती थांबली, मघाशी आपण काय म्हणालो होतो ते बहुधा तिच्या लक्षात आलं. "पण मला काही आठवत नाही," तिनं पुन्हा सांगितलं.

मी खाली मातीतच बसले. "तू मला तरी सांगायचंस मासी. त्या दिवशी नळावर मी विचारायला आले होते. मला सांगितलं असतंस तर मी अर्ज लिहिला नसता."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू त्या पोराला सांगितलं असतंस."

मी नाही म्हणणार होते. पण मला खरंच माहीत नव्हतं. सतरा वर्षांची मी काय केलं असतं हे आज मला सांगता येत नाही, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जणू तिला ते तेव्हापासून ठाऊक आहे.

"मग आम्ही काय करायला हवं होतं?" मी विचारलं.

"माले काय माहीत?" ती म्हणाली. "मी बागेची वॉचमन होते." आणि उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. "आता आली आहेस तर ही रोपं तिकडं ठेव. उन्हात करपताहेत."

जास्वंदीची रोपं होती, मातीनं जड झालेल्या काळ्या पिशव्यांत. मी ओढणी कमरेला खोचली आणि एकेक उचलून जाळीखाली नेऊन ठेवायला लागले. माफी मागायला आलेल्या माणसाला कामाला लावणं म्हणजे माफ करणं की नाही, याचा विचार करत. सव्वाशे तरी असतील. पाठ भरून आली, नखांत माती गेली. ती मधून मधून येऊन बघून जायची. तिच्या मुलीनं मला चहा आणून दिला आणि हसून म्हणाली, "आई सगळ्यांनाच राबवते हो."

ऊन कलल्यावर शेवटचं रोप ठेवलं आणि मी तिला बोलावलं. तिनं सगळी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाली, "इथं नको होती. त्या भिंतीच्या कडेला पाहिजेत. आज राहू दे, उद्या हलव."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी ऑफिसात रजा टाकली आणि गेले.